मी वाहन आहे, लिहून घ्या

मी एक जुनी हातगाडी आहे. आणि मित्रांनो, पुढचे काही सांगण्याआधी एक गोष्ट ठणकावून सांगते: मी वाहन आहे. ज्याला शंका असेल त्याने माझ्यावर सुपाचे भरलेले पातेले ठेवावे आणि मला चढावर ढकलून पाहावे.

माझा जन्म एका वेल्डरच्या शेडमध्ये झाला. जुन्या पलंगाची चौकट, सायकलची दोन चाके आणि पुढे एक छोटे चाक, एवढेच माझे खानदान. वर झाकणाची पेटी बसवली आणि तिला आतून स्टीलचा पत्रा मारला. वेल्डरच्या हातून डाव्या चाकाचा दांडा किंचित वाकडा बसला. त्यामुळे मला ढकलताना आधी डावी बाजू जराशी उचलावी लागते, नाहीतर मी जागची हलत नाही. लोक याला खोड म्हणतात. मी याला स्वभाव म्हणते.

मला घरी आणले एका नणंद-भावजयीने. वहिनी स्वयंपाक करायची. नणंदेला ती वन्सं म्हणायची, म्हणून मीही वन्संच म्हणते. वन्सं मला ढकलायची आणि दोघींच्या वाटणीचे बोलायची. वहिनी इतकी अबोल, की मीठ कमी पडले तरी खुणेने सांगायची.

रोज दुपारी आम्ही मोठ्या इस्पितळाच्या फाटकाशी उभ्या राहायचो. गरम सूप, उकडलेली अंडी, पाव. आतल्या रुग्णांना जेवण मिळते, पण बाहेर बाकावर बसून राहिलेल्या नातेवाइकांना कोण विचारतो? एका आजोबांची बायको आत होती. माझे चाक कुरकुरले की ते म्हणायचे, "आली बाई गाडी, जिवात जीव आला." असे कौतुक रंगवलेल्या व्हॅनलाही मिळत नाही.

मग नवे नियम आले. अन्न वाहून नेणाऱ्या प्रत्येक वाहनाला परवाना हवा. मला ते पटले. झाकण हवे, स्वच्छता हवी, अन्न गरम हवे. आमच्याकडे ते सगळे होतेच. वन्सं परवान्याच्या खिडकीवर गेली.

"इंजिन नंबर?" खिडकीतल्या कारकुनाने विचारले.

"हातगाडीला कसलं आलंय इंजिन?"

"मग ते वाहनच नाही. वाहतुकीच्या नियमात वाहन म्हणजे यंत्रावर चालणारं. परवाना मिळणार नाही."

मिळत नाही म्हणजे लागत नाही, असे समजून वन्सं खुशीत परतली. आठवड्याने फाटकाशी अन्न निरीक्षक आले. त्यांनी झाकण उघडले, सुपात तापमापक बुडवला, मान डोलावली आणि परवाना मागितला.

"आमची गाडी वाहन नाही. खिडकीवर सांगितलंय तसं."

"अन्नाच्या नियमात वाहन म्हणजे अन्न नेणारं कोणतंही साधन. गाढवसुद्धा."

"गाढव? हिला म्हणताय की मला?"

निरीक्षक हसले नाहीत. "विक्री बंद करा. सोमवारपर्यंत परवाना आणा, नाहीतर गाडी जप्त."

जप्त झालेल्या गाड्या भंगारात जातात, हे सगळ्यांना ठाऊक होते. मला मागच्या बोळात पोत्याखाली उभे केले. माझ्या पेटीत कोळ्याने जाळे विणले. वन्सं रोज खिडकीवर जायची आणि रोज तेच ऐकून यायची. वहिनीची शेगडी थंड पडली. मित्रांनो, मला दुःख झाले नाही, संताप आला. दंड करायचा तेव्हा मी वाहन, आणि हक्क मागायचा तेव्हा मी नुसते फळकूट?

सोमवारी वहिनीने पहाटेच उठून मला घासूनपुसून लख्ख केले. सुपाचे पातेले पेटीत ठेवले आणि म्हणाली, "वन्सं, आज गाडीच नेऊ."

कचेरीच्या दाराशी चाकाच्या खुर्चीसाठी उतार केलेला होता. पहारेकरी चहाच्या पेल्यातून तोंड वर करेपर्यंत आम्ही तिघी आत, थेट खिडकीसमोर. रांगेतल्या लोकांनी आनंदाने वाट दिली. पहारेकरी धावत आला आणि मला बाहेर ढकलू लागला. त्याने डावी बाजू उचलली नाही. मी हलले नाही. दुसरा आला, दोघांनी जोर लावला, घाम गाळला. मी ढिम्म! माझ्या वाकड्या दांड्याचा मला इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

गलका ऐकून मोठे साहेब खोलीतून बाहेर आले. मला पाहून ते गरजले, "हे वाहन आत कुणी आणलं? वाहनं बाहेर लावायची, कळत नाही?"

रांगेत कोणीतरी फिसकन हसले.

"साहेब, परत एकदा म्हणा," वन्सं म्हणाली, "या खिडकीला जरा कमी ऐकू येतं."

कारकुनाचे कान लाल झाले. साहेबांना काही उमगेना. तेव्हा आमची अबोल वहिनी पुढे झाली. "साहेब, ही वाहन असेल तर परवाना द्या. नसेल तर आत राहू द्या. आम्ही इथंच सूप वाढतो." आणि तिने पेटीचे झाकण उघडले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिले, सुपाकडे पाहिले, वाढत चाललेल्या रांगेकडे पाहिले. त्यांनी निरीक्षकांना बोलावले, दोन्ही नियम टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि अर्ध्या तासाने परवान्यावर सही केली. कारकुनाने इंजिनाच्या जागी लिहिले, 'लागू नाही.'

ते वाचून वन्सं भडकलीच. "लागू नाही? मग इतकी वर्षं ढकलतंय कोण?"

दुपारी आम्ही फाटकाशी पोचलो, तेव्हा आजोबा बाकावरून उठून उभे राहिले होते.

मित्रांनो, मी म्हातारी आहे, पण मला तुमची दया नको. चाकात तेल घाला, पेटी कोरडी ठेवा, झाकण नीट लावा, एवढी काळजी पुरे. आणि कोणी तुम्हाला 'तू आमच्या व्याख्येत बसत नाहीस' म्हणाले, तर त्याच्या दारात जाऊन उभे राहा आणि हलू नका. माझ्या उजव्या अंगावर वहिनीने स्वतः रंगवलेली अक्षरे अजून आहेत, येऊन वाचा: 'वाहन. इंजिन: नणंद-भावजय.'