तेलगिरणीच्या दारातला ब्रेक पॅड

मी एक जुना ब्रेक पॅड आहे आणि लातूरच्या एका तेलगिरणीत पत्र्याच्या डब्यात पडून असतो. मित्रांनो, गाडीच्या चाकामागे एक लोखंडी तबकडी फिरत असते. ब्रेक दाबला की आम्ही तिला दोन्ही बाजूंनी आवळतो आणि गाडी थांबते. काम एवढंच, पण मला त्याचा मोठा तोरा होता. मला धातूची भुकटी दाबून, भट्टीत भाजून शर्यतीच्या गाड्यांसाठी घडवलं होतं.

मला आणलं संगमेश्वरने. घरची तेलगिरणी, पण याचा जीव गाडीत. वर्षातून दोनदा तो हैदराबादकडच्या ट्रॅकवर गाडी पळवायला जाई. तिथे चौथ्या फेरीलाच त्याचे साधे पॅड तापून धुरावले आणि ब्रेक पोकळ लागू लागला. म्हणून तो नांदेडला शेषेरावांच्या गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात आला आणि त्याने माझ्यावर बोट ठेवलं.

"ट्रॅकवर किती दिवस अन् गावात किती?" शेषेरावांनी विचारलं.

"ट्रॅकवर चार दिवस. बाकी रोज गावातच."

"मग ह्यो नका घेऊ. तापल्याबिगर धरत न्हाई, अन् थंड असला की लई बोंबलतो. हा मधल्या ताकदीचा न्या. ट्रॅकवर फेऱ्या कमी मारा, पण गावात पहिल्या दाबाला गाडी थांबंल."

"घ्यायचा तर सगळ्यात भारीच घ्यावा की!" म्हणत संगमेश्वरने मलाच उचललं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

ट्रॅकवर मी नाव काढलं. वीस फेऱ्या झाल्या, तबकडी लाल झाली, तरी पकड ढळली नाही. संगमेश्वरने मित्रांना बोलावून माझं कौतुक सांगितलं.

लातूरला मात्र फजिती झाली. गंजगोलाईच्या भर बाजारात दर दहा पावलांवर थांबायचं, तिथे मी तापणार कधी? थंड अंगाने मी नीट धरत नसे आणि वर किंचाळत असे. भाजीवाल्या बाया हसायच्या.

संगमेश्वरच्या वडिलांना, वीरण्णांना, ते फार लागलं. चाळीस वर्षं गिरणी चालवलेला माणूस. जे यंत्र कुरकुरेल त्याला तेल, एवढंच त्यांचं शास्त्र. एका सकाळी लेक अंघोळीला गेला तेव्हा ते करडईच्या तेलाची कुपी घेऊन आले. "काहून बोंबलून राहिला रे बाबा?" असं मायेने म्हणत त्यांनी पुढच्या दोन्ही चाकांच्या फटींतून आमच्यावर तेल सोडलं. मित्रांनो, ब्रेकला तेल म्हणजे पैलवानाच्या तळहाताला तेल. काही धरवत नाही.

संगमेश्वरने गाडी काढली. गिरणीचं अंगण फाटकाकडे उतरतं. वीरण्णा रोजच्यासारखे लेकासाठी फाटक उघडायला गेले होते आणि पाठमोरे उभे राहून अडकलेली कडी ओढत होते. संगमेश्वरने ब्रेक दाबला. मी जीव खाऊन तबकडी आवळली, पण ती माझ्या हातून सटकत राहिली. मागच्या चाकांनी काय धरलं तेवढंच. "अप्पा, सरका!" तो ओरडला आणि त्याने हँडब्रेक खेचला. गाडी थांबली तेव्हा बंपर वीरण्णांच्या धोतराला टेकला होता.

संगमेश्वर उतरला. चाकावरून तेल गळत होतं. "अप्पा, ब्रेकला तेल कुणी घातलं?"

"म्याच. लोक तुला हसून राहिले व्हते," वीरण्णा हळूच म्हणाले.

संगमेश्वर तिथेच मातीत बसला. "तुमचं न्हाई चुकलं, अप्पा. दुकानदारानं सांगितलं व्हतं. म्याच ऐकलं न्हाई."

दुसऱ्याच दिवशी गाडीला मधल्या ताकदीचे पॅड लागले. माझ्या अंगात तेल खोल मुरलेलं, मला पुसूनही उपयोग नव्हता. तक्रार नाही. वीरण्णा अजून कुपी घेऊन गिरणीभर फिरतात, फक्त गाडीकडे जात नाहीत.

मित्रांनो, ब्रेकला कधी तेल लावू नका आणि जाणत्या माणसाचं ऐका. मला निवडताना संगमेश्वरच्या डोळ्यांपुढे ट्रॅकवरची विसावी फेरी होती. तुम्ही निवडाल तेव्हा रोज सकाळी तुमच्यासाठी फाटक उघडणारं माणूस डोळ्यांपुढे आणा.