वजा करून काढलेली खोली

“या घरात चहा प्यायला एखादा कप मिळेल, की प्रत्येकात काहीतरी उगवलंय?”

आमचे हे ओट्यापाशी उभे राहून स्वतःशीच पुटपुटत होते. मी मागे हातभर अंतरावर बरण्या पुसत होते, म्हणजे मला ऐकू यावं एवढ्याच बेताने पुटपुटणं चाललं होतं.

“निळ्यात वाल पेरलाय,” मी म्हटलं. “पांढऱ्यात मिठाचे खडे होतायत, हलवू नका. कान तुटलेला रिकामा आहे.”

“तुटका बरा माझ्याच वाट्याला?”

“अभ्यास करणाऱ्यांना चांगले कप. तुम्ही कुठे बसता अभ्यासाला?”

ते हसले. मीही हसले असेन.

खिडक्या बसवायचा यांचा धंदा. दिवसभर लोकांच्या भिंती मोजायच्या आणि घरी यावं तर मोजपट्टी मुलांनी पळवलेली. त्या दिवशी मात्र कामावर गेले नव्हते. गल्लीच्या टोकाला जी शाळा आहे, तिथल्या मोठ्या बाई घरी येणार होत्या. चौथीत एक आणि पहिलीत एक, अशा दोनच जागा उरल्या होत्या. मुलं घरी काय शिकली ते बाई बघणार आणि मग पालकाची सही. सही बापाची चालली असती. पण यांनी बाईंना आधीच सांगून ठेवलं होतं, आईने केली तरच.

मधली नऊ वर्षांची, टिल्लू सहाचा. दोघंच उरलीत, तरी मधलीला आम्ही मधलीच म्हणतो. मोठा दोन वर्षांपूर्वी गेला. अकराचा होता. शाळेत रांगेत उभा असताना कोसळला, तिथून दवाखान्यात नेला, दुपारपर्यंत सगळं आटोपलं. डॉक्टर मेंदूतल्या शिरेचं काहीतरी सांगत होते आणि मी कळल्यासारखी मान हलवत होते. पुढच्या आठवड्यात मी मधलीचं नाव शाळेतून काढलं. टिल्लूचं घातलंच नाही. लोक म्हणाले, शाळेचा धसका घेतलाय बिचारीने. मी म्हणू दिलं. त्या दिवशी सकाळी, शाळेच्या आधी, घरात काय झालं ते आम्हा दोघांना आणि मधलीला पाठ आहे. त्याबद्दल कोणी बोलत नाही.

मी दहावीला दोनदा बसलेली बाई. पुस्तकातून शिकवायला गेले की माझंच पितळ उघडं पडायचं, म्हणून हाताने करता येईल तेवढं शिकवत गेले. हँगरला दोन झाकणं टांगून तराजू केला. टिल्लूने त्यात आपला पडलेला दात तोलला. एकवीस तांदूळ भरला. “माझा दात एकवीस तांदूळ!” म्हणत तो शेजारपाजारच्या चार दारांत जाऊन आला. फार छान दिवस होता तो. मला आनंद झाला असणार. मी तांदूळ मोजून परत डब्यात टाकले.

सगळेच दिवस काही असे नसत. वर्तमानपत्राच्या सुरळ्यांचा पूल मोडला की दोघं एकमेकांचे केस धरत. रंग कालवलेलं पाणी गादीवर जाई. आणि कधी कधी मी मध्येच थांबून भिंतीकडे बघत बसे. तेव्हा मधली हळूच टिल्लूला म्हणे, “चल, आईचा तास ऑफ आहे.” मग दोघं आपापलं काहीतरी करत बसत. अर्ध्या तासाने मी “हं, कुठे होतो आपण?” म्हटलं की ती मला बरोबर जागा दाखवी.

बाई आल्या. पन्नाशीच्या, भारदस्त. खुर्ची नको म्हणाल्या आणि सरळ मुलांच्या पसाऱ्यात खाली बसल्या. मधलीने घराचा नकाशा पुढे केला. आठवडाभर चाललं होतं ते काम.

“कोणी काढला हा?”

“मी. याने पट्टीचं टोक धरलं.”

“टोक धरणं हेच मेन काम असतं,” टिल्लू म्हणाला.

“असतंच,” बाई म्हणाल्या. बोट कागदावरून सरकत शेवटच्या चौकोनावर आलं. “हॉलमध्ये अगदी पायपुसणंसुद्धा दाखवलंय. या खोलीत काहीच नाही?”

“ती आम्ही वजा करून काढली,” मधली म्हणाली. “बाहेरून घर तीस फूट आहे. हॉल अकरा, स्वयंपाकघर आठ. उरले अकरा.”

“शाबास. पण आत जाऊन का नाही मोजली?”

“सामान आहे तिथे,” हे म्हणाले.

“कुलूप आहे,” मधली म्हणाली.

“आईला नाही आवडत,” टिल्लू म्हणाला.

तीन उत्तरं एकाच वेळी आली. बाईंनी त्या चौकोनावरचं बोट उचललं. शिक्षिकाच त्या, वर्गात काय विचारायचं नाही हे त्यांना कळत असावं.

यांनी घाईघाईने कागद ओढून घेतला. “अगं, तू भिंतींची जाडी धरलीच नाहीस. बाहेरच्या दोन भिंती नऊ-नऊ इंच, मधल्या दोन साडेचार-साडेचार. सव्वादोन फूट तिथेच गेले. खोली पावणेनऊच भरते.”

“म्हणजे माझी मोठी आली?”

“आहे त्यापेक्षा मोठी आली.”

“ही चूक काही चौथीतली नाही,” बाई म्हणाल्या. “याहून मोठी मुलं करतात ती. हिला मी आनंदाने घेईन.”

मी चहा टाकायला उठले. मधली मागोमाग आली. निळा कप उचलून वालाला पाणी घातल्यासारखं करत राहिली.

“आई, तू सही नाही केलीस तर मी रुसणार नाही.”

“बरं.”

“पण मला जायचंय.”

“माझं शिकवणं आवडत नाही?”

“आवडतं. पण इथे मलाच सगळ्यांकडे लक्ष ठेवावं लागतं.”

मी चहात साखर घातली. घातली की नाही आठवेना, म्हणून चाखून पाहिलं. चव कळली नाही.

“आणि टिल्लू?” मी विचारलं.

“त्याला घंटा वाजवायची आहे.”

बाहेर फॉर्म मांडून ठेवले होते. यांनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्या पुढ्यात ठेवलं आणि बाहेर बघू लागले. मी सही केली. दोन्ही फॉर्मवर केली. वाणसामानाच्या यादीखाली रेघ ओढावी तशी झाली.

“आता एवढा एक रकाना,” बाई म्हणाल्या. “मुलांबद्दल शाळेला काही सांगायचं असेल तर. ॲलर्जी, औषध, चष्मा…”

“काही नाही,” हे म्हणाले. “निरंक लिहा.”

बाईंनी लिहायला सुरुवात केली.

“थांबा,” मी म्हटलं.

यांनी माझ्याकडे पाहिलं. “अगं, राहू दे ना आता.”

“लिहा बाई. पोरं दुखतंय म्हणाली, तर खरं धरायचं. लगेच घरी कळवायचं.”

“लिहिते,” बाई म्हणाल्या. “कोणाला काही त्रास आहे का?”

मधली येऊन माझ्या शेजारी बसली.

“यांना नाही. मोठा त्या सकाळी डोकं धरून बसला होता,” मी म्हटलं. “दोनदा म्हणाला, आई, आज नको. मी म्हटलं, नाटकं पुरे झाली. एवढा अकरा वर्षांचा घोडा, बूट मी स्वतः चढवले त्याच्या पायांत, आणि पाठवला.”