पुढ्यात ठेवलेला घास

त्रिशलाबाईंनी भातात डाळ लपवली आणि सम्मेदनं भातच सोडला. झालं ते एवढंच. पण एवढ्याशानं कुपवाडच्या त्या घरातलं हसणं-बोलणं आटलं.

आता यात त्या बाईचं काय चुकलं, असं कुणीही म्हणेल. नातू चार वर्षांचा, अजून बोलत नाही, आणि खाणार काय, तर दूध, चुरमुरे आणि पांढरा भात. भातावर तूप नको, वरण नको, जिऱ्याचा एक दाणा दिसला तरी ताट लांब सरकवायचा. येणारा-जाणारा सल्ला देऊन जायचा. कुणी म्हणायचं लाडावून ठेवलाय, कुणी म्हणायचं दोन दिवस उपाशी ठेवा, झक मारत खाईल. लोकांचं काय जातंय, पोर दुसऱ्याचं, पोट दुसऱ्याचं.

सून प्राची मात्र सल्ले ऐकत बसली नाही. ती शाळेत मास्तरीण. वर्गातली पोरं बघून-बघून तिला कळलं होतं, की हा नुसता हट्ट नव्हे. तिनं सांगलीत विश्रामबागेतलं एक केंद्र शोधलं. उशिरा बोलणारी, उशिरा चालणारी, आवाजाला घाबरणारी, खाण्यापिण्याला अडणारी, अशी सगळी पोरं तिथं येतात. तिथल्या अंकिता मॅडम कराडकडच्या. त्यांनी सम्मेदला महिनाभर बघून प्राचीला सांगितलं, "याला चव, वास, हाताला लागणारं सगळं आपल्यापेक्षा फार जास्त जाणवतं. जे खातोय ते जपा. त्यात लपवून काही घालू नका."

प्राचीनं हे घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. त्रिशलाबाईंनी ऐकलं आणि या कानानं त्या कानानं सोडून दिलं. तीन लेकरं वाढवलेल्या बाईला कालची पोरगी शिकवणार, हे त्यांच्या पचनी पडेना. त्यांनी मुगाची डाळ गळेपर्यंत शिजवली, पुरणाच्या यंत्रातून काढली, वर मलमलच्या फडक्यातून गाळली आणि चमचाभर भातात अशी कालवली, की त्यांना स्वतःला दिसेना.

सम्मेदनं पहिला घास तोंडात घेतला आणि थांबला. तोंडातलं हातावर काढलं, बोटानं पसरून बघितलं. मग आजीकडं बघितलं आणि उठून गेला. त्या दिवसापासून भात बंद झाला. पुढं चुरमुरेही सुटले. राहिलं दूध, तेही प्राचीनं दिलं तरच. आजीच्या हातातला पेला दिसला, की पोरगं तोंडावर हात ठेवायचं.

ते तोंडावर ठेवलेले दोन हात त्रिशलाबाईंच्या काळजाला लागले. त्यांनी सुनेला सगळं सांगून टाकलं. प्राचीचे डोळे भरले. "आई, मला एका शब्दानं विचारायचं तरी," ती म्हणाली.

"चुकलं गं माझं," त्रिशलाबाई म्हणाल्या. सुनेला असं म्हणायची त्यांची ही पहिलीच वेळ.

सम्मेदचं वजन उतरायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, असंच चाललं तर नाकातून नळी घालून पोटात दूध सोडावं लागेल. प्राचीनं रजा टाकली. पण रजा म्हणजे काही जन्माची नव्हे, सोमवारी शाळेत हजर व्हायचं होतं. तिचा नवरा भरतेश सकाळीच वर्कशॉपला जायचा तो दिवे लागल्यावर यायचा. दिवसभर पोराजवळ आजीच. आणि आजीच्या हातचं पोर खात नाही. म्हणजे एकतर पोरगं संध्याकाळपर्यंत उपाशी, नाहीतर प्राचीनं नोकरी सोडायची. दुसरं काही दिसत नव्हतं.

"मी बी येते तुज्यासंगं सांगलीला," त्रिशलाबाई एका सकाळी म्हणाल्या आणि साडी सावरून स्कूटीवर मागं बसल्या.

केंद्रात सतरंजीवर चार-पाच पोरं आपापले डबे घेऊन बसली होती. हाही त्यांच्या उपचाराचाच भाग, सगळ्यांनी एकत्र बसायचं. अंकिता मॅडमनी त्रिशलाबाईंना बाजूला खुर्ची दिली. "आजी, आज तुम्ही नुसतं बसायचं. खा म्हणायचं नाही, शाब्बास म्हणायचं नाही, तोंडाशी हात न्यायचा नाही. पुढ्यात ठेवायचं आणि आपलं आपण दुसरीकडं बघायचं."

"आनि त्यानं न्हाई खाल्लं तर?"

"तर नाही खाल्लं."

"मग आमी कशाला हाय?" त्रिशलाबाई पुटपुटल्या, पण बसल्या. हात आपोआप पुढं जाईल म्हणून मांडीखाली दाबून बसल्या.

सम्मेदच्या शेजारी कुंडलचा उदयसिंह होता. त्याची आई एसटीनं त्याला घेऊन यायची. तिनं डबा उघडला, त्यात उकडलेल्या बटाट्याच्या फोडी. पांढऱ्या, वर काही नाही. सम्मेद बघत राहिला. एक फोड त्यानं उचलली, वास घेतला, ओठाला लावली, खाली ठेवली. परत उचलली. आणि खाल्ली.

आनंद करावा की घाबरावं, प्राचीला कळेना. कारण त्या घरात बटाटा हा शब्दसुद्धा हळू बोलायचे. त्रिशलाबाईंनी लग्नाआधीच जैन मुनी महाराजांपुढं हात जोडून कंदमुळाचा त्याग केला होता. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. जमिनीखाली वाढणारं काही उपटून खायचं म्हणजे असंख्य जिवांची हत्या, ही त्यांची श्रद्धा. लग्न होऊन आल्यावर त्यांनी सासरच्या स्वयंपाकघरातूनही ते सगळं घालवलं. नवरा धन्यकुमार हळदीचे व्यापारी. ते कधी चिडवायचे, "हळदबी जमिनीखालचीच की गं." त्या म्हणायच्या, "वाळल्याली चालती. शास्त्र शिकवू नका मला." विषय तिथंच संपायचा.

सम्मेदनं दुसरी फोड घेतली. उदयसिंहच्या आईनं डबा हळूच त्याच्याकडं सरकवला. तिला बिचारीला यातलं काही ठाऊक नव्हतं, पोरगं खातंय एवढंच तिनं बघितलं.

प्राची सासूकडं वळली. "आई…"

"माज्याकडं काय बघत्यास," त्रिशलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज ओला झाला होता. "दुसरीकडं बघायला सांगितलंय न्हवं बाईंनी?"

घरी आल्यावर त्यांनी फर्मान काढलं. बटाटा येईल. स्वयंपाकघरात नाही, मागच्या सोप्यात वेगळी शेगडी, वेगळं पातेलं, वेगळी ताटली. पोराचा नेम नाही, नेम त्यांचा आहे. धन्यकुमार पिशवी घेऊन मंडईत गेले. भाजीवाला आकाराम वर्षानुवर्षं ओळखीचा. "शेठ, बटाटं? तब्येत बरी हाय न्हवं तुमची?" असं त्यानं विचारलं, तेव्हा धन्यकुमारांनी वर दोडकी टाकून पिशवी झाकली. रस्त्यात पंधरा ओळखीचे भेटणार, कुणाकुणाला सांगत बसायचं?

सम्मेद बटाटा खायला लागला. प्राचीनं ताटली पुढं ठेवली की निवांत खायचा. त्रिशलाबाईंनी ठेवली की तोंडावर हात. तोच बटाटा, तीच ताटली. त्यांनी दूर बसून बघितलं, पदराआडून बघितलं, प्राचीची ओढणी खांद्यावर टाकून ताटली ठेवून बघितली. पोरगं काही खुळं नव्हतं. शनिवार उजाडला आणि प्राचीनं शाळेला लिहायचा राजीनामा मनात जुळवायला घेतला. सासूला ते दिसत होतं. पोरीनं किती शिकून ती नोकरी मिळवली होती, हे त्रिशलाबाईंनी डोळ्यांनी बघितलं होतं. त्यांचा जीव तुटत होता.

रविवारी त्यांच्याकडं चौका होता. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, महाराजांचा चातुर्मास चालू होता आणि आहार देण्याची पाळी त्यांच्या घराची होती. त्रिशलाबाई सोवळं नेसून उभ्या राहिल्या. महाराज उभ्यानं, ओंजळीत, मौन धरून दिवसातून एकदाच घेतात. मागत नाहीत, सांगत नाहीत. घासात केस दिसला, कीड दिसली, की तिथंच अंतराय, त्या दिवशीचा आहार संपला. म्हणून देणाऱ्यानं प्रत्येक पदार्थ त्यांच्या डोळ्यांदेखत मोडायचा, बोटांनी उकलून तपासायचा आणि मगच ओंजळीत ठेवायचा. या कामात त्रिशलाबाईंचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. घाई नाही, गडबड नाही. भाकरीचा तुकडा उकलून दाखवावा तो त्यांनीच.

आहार पुरा झाला, महाराजांनी ओंजळ सोडली. शेजारच्या शालूबाईंच्या हातात अजून वाटीभर दूध होतं, ते तसंच राहिलं. त्रिशलाबाई हात जोडून मागं सरल्या, आणि सरता-सरता त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. महाराजांनी ओंजळ सोडल्यावर आपण कधी म्हटलंय, अजून एवढा घ्या म्हणून? बिशाद होती काय? त्यांच्या घासात काही लपवून घालायचं स्वप्नात तरी आलं असतं काय? आणि घरातल्या लेकरानं तोंड मिटलं, की गालफडं दाबून भरवायला निघालो. ते पोरगंही बोलत नाही, मागत नाही, त्यालाही घासात भलतं दिसलं की त्याचा अंतराय होतो. एवढी साधी गोष्ट, आणि एवढ्या वर्षांचा हात असून आपल्याला कळली नाही. त्यांना स्वतःचा रागही आला आणि रडूही आलं.

दुपारी त्यांनी सोवळं उतरवलं, साधं पातळ नेसलं आणि मागच्या सोप्यात आल्या. प्राचीनं बटाटा उकडून ठेवला होता. नेम घेतल्यापासून त्रिशलाबाईंनी पहिल्यांदा बटाटा हातात घेतला. सालासकट, अख्खा. सम्मेदच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसल्या. सम्मेदचे हात तोंडावर गेले.

त्रिशलाबाईंनी त्याच्या डोळ्यांदेखत साल काढली. बटाटा मोडला, दोन्ही भाग दाराच्या उजेडाकडं धरले. एक भाग परत मोडला, बोटांनी उकलला, पसरला. आत पांढरं, सगळीकडं पांढरं. सम्मेदचे डोळे त्या बोटांवर होते. एकेक तुकडा त्या तपासत गेल्या, ताटलीत ठेवत गेल्या. सगळा झाल्यावर हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवले आणि परसातल्या शेवग्याकडं बघत बसल्या.

बराच वेळ गेला. प्राची दाराशी उभी होती. सम्मेदचा एक हात तोंडावरून खाली आला. त्यानं एक तुकडा उचलला. आजीनं केला तसा मोडला, उकलला, उजेडाला धरला. मग गुडघ्यावर पुढं सरकला आणि तो तुकडा आजीच्या ओठांना लावला.

त्रिशलाबाईंचं तोंड मिटलं. त्यांनी मिटलं नाही, ते आपोआप मिटलं. मान वळली, हात ओठांवर गेला. आयुष्यभराचा नेम होता तो, विचार करायला थांबला नाही.

आणि दुसऱ्याच क्षणी त्यांच्या ध्यानात आलं. आपण काय केलं? पोरगं आता मनात म्हणणार, आजी खात नाही म्हणजे यात काहीतरी आहे. भात गेला, चुरमुरे गेले, आता हाही गेला. तोंड उघडावं काय? नेमाचं प्रायश्चित्त महाराजांकडून घेता येईल. पण ओठ उघडेनात. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ओठ काही उघडेनात. "बाळा," त्या हाताआडून म्हणाल्या, "मला नको रं."

सम्मेद बघत राहिला. आजीच्या तोंडावरच्या हाताकडं, वळलेल्या मानेकडं. हे सगळं त्याच्या चांगल्या ओळखीचं होतं.

त्यानं हात मागं घेतला. तो तुकडा आजीच्या पुढ्यात, जमिनीवर, जपून ठेवला. मग आपल्या जागेवर जाऊन बसला, ताटलीतून दुसरा तुकडा घेतला आणि खायला लागला. आजीनं मोडलेला, आजीच्या हातचा.

दाराशी प्राचीनं मान दुसरीकडं वळवली. त्रिशलाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. सम्मेद खाता-खाता परसातल्या शेवग्याकडं बघत होता. पुढ्यातला तुकडा आजीनं उचलला की नाही, हे त्यानं एकदाही वळून बघितलं नाही.