शेवटच्या पोहणाऱ्यामागची होडी

आमच्या लामू बेटाच्या धक्क्यावर कुणीही कुणाला "काय बातमी?" असं विचारलं, की उत्तर एकच असतं: "चांगली." घर जळालेलं असलं तरी आधी "चांगली", मग दुसऱ्यांदा विचारलं तर घराचं सांगायचं. ही रीत आमच्या पणजोबांच्याही आधीची आहे आणि तिच्यामुळे कुणाचं फारसं नुकसान झाल्याचं ऐकिवात नाही. फमाऊ नाखव्याचं सोडलं तर.

फमाऊ हा खाडीतला वल्ह्यांचा शेवटचा होडीवाला. बाकीच्या चाळीस जणांनी इंजिनं बसवून घेतली. ते चार मिनिटांत पलीकडे मांडा बेटावर विमानतळापाशी, म्हणजे धावपट्टी आणि एका झाडापाशी, नेऊन सोडतात. फमाऊला पंचवीस मिनिटं लागत. त्यामुळे त्याच्याकडे गिऱ्हाईक एकच उरलं होतं, बी कुपोना, म्हणजे कुपोनाबाई. ही विधवा बाई रोज सकाळी सहाला वेलदोड्याच्या गोड पुऱ्यांची टोपली घेऊन त्या झाडाखाली विकायला जायची. इंजिनाच्या होडीत पुऱ्यांना तेलाचा वास लागतो, असं तिचं म्हणणं होतं.

आमच्याकडे होडीत बायका नाळेशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी बसतात, तोंड पुढे करून. वल्हवणारा बसतो तोंड मागे करून. म्हणजे अकरा वर्षं ही दोघं एकमेकांकडे पाठ करून खाडी ओलांडत होती. ती चढायची तेव्हा फमाऊ मर्यादेने दोरीकडे बघायचा, उतरायची तेव्हाही दोरीकडेच. दोरीचा एवढा अभ्यास असलेला माणूस अख्ख्या किनाऱ्यावर दुसरा नव्हता.

"काय बातमी, नाखवा?"

"चांगली. तुमची?"

"चांगली."

संपलं. पुढचा प्रश्न म्हणजे विधवेने आणि विधुराने गप्पा छाटल्यासारखं झालं असतं. एवढ्या शिदोरीवर फमाऊ पुढचे तेवीस तास काढायचा. घरी बोलायला एक मांजर होतं, तेही शेजारच्या मासेवाल्याकडे राहायला गेलं होतं.

दरवर्षी होणाऱ्या खाडी पोहण्याच्या शर्यतीची जबाबदारी यंदा मुटिसो साहेबांवर आली. बंदर कचेरीतले हे नवे अधिकारी आतल्या मुलखातले. त्यांना पोहता येत नाही, पण नियम येतात. दोन वर्षांपूर्वी एका पोहणाऱ्याच्या खांद्याला इंजिनाचं पातं लागून सतरा टाके पडले होते. म्हणून यंदा हुकूम निघाला: सकाळी साडेसातपासून शेवटचा पोहणारा मांड्याच्या धक्क्याला लागेपर्यंत खाडीत एकही होडी हलणार नाही. अपवाद एकच. शेवटच्या पोहणाऱ्यामागे एक बिनइंजिनाची होडी राहील. ती त्याच्या पुढे जाणार नाही आणि त्याला एकटं सोडणार नाही. बिनइंजिनाची होडी गावात एकच असल्यामुळे निवड एकमताने झाली. फमाऊला नारिंगी बंडी, झेंडा आणि नियमांचं पुस्तक मिळालं.

शर्यतीच्या दिवशी आठला दहा मिनिटं असताना बी कुपोना धक्क्यावर आली. रोजची टोपली नव्हती. अंगात कोरा काळा बुईबुई, म्हणजे आमच्याकडचा बुरखा, काखेत छत्री, मागे गाढवावर पत्र्याची ट्रंक.

"चला, नाखवा. साडेनऊचं विमान आहे."

फमाऊ दोरीकडे बघायचं विसरला. "कुणाचं?"

"ज्याचं असेल त्याचं. बसायचं मला आहे. मोम्बासाला, मुलीकडे."

"परत कधी?"

"परत कशाला? कढई देऊन टाकली."

शेबवाना नावाचा इंजिनवाला शेजारच्या होडीत आडवा पडला होता. तो उठून बसला. "अरे नाखवा, तुला ठाऊक नाही? महिनाभर गावातल्या गाढवांनाही ठाऊक आहे! आम्हाला वाटलं, रोज तुझ्याच होडीत असते, तुला पहिलं सांगितलं असेल. आणि आज तर खाडीच बंद!"

"आणि खाडी बंद आहे हे मला कोण सांगणार होतं?" बी कुपोनाने विचारलं.

"आता घ्या! आम्हाला वाटलं, बंद करणारा हाच, यानेच सांगितलं असेल."

दोघांनी आदल्या दिवशीही एकमेकांना "चांगली" म्हणून सांगितलं होतं.

मुटिसो साहेब कर्णा घेऊन आले. "प्रवासी चालणार नाही. नियम सात."

"प्रवासी कुठे आहे?" फमाऊ म्हणाला. "ही औषधपाण्याची बाई आहे."

बी कुपोनाने पिशवीतून बामची डबी काढून दाखवली. साहेबांनी पुस्तक चाळलं. नियम नऊप्रमाणे होडीत औषधपाण्याचा एक माणूस हवाच होता आणि चार दिवस शोधूनही तो मिळाला नव्हता. सरकारी खात्यात इतक्या चटकन नेमणूक आम्ही पहिल्यांदाच पाहिली. ट्रंक औषधांची पेटी म्हणून चढली.

आठला शिट्टी झाली आणि बत्तीस जणांनी पाण्यात उड्या मारल्या. पाच मिनिटांत एकतीस जण पुढे गेले आणि मागे लाली मास्तर उरले. मास्तर छप्पन्न वर्षांचे, शाळेचे मुख्याध्यापक. "पाण्याला भिणारा सगळ्यालाच भितो," असं प्रार्थनेच्या वेळी बोलून बसले होते, आणि आता शाळेची चारशे मुलं मांड्याच्या धक्क्यावर त्यांची वाट बघत होती. होडीतलं पुढचं बोलणं आम्हाला कळलं ते मास्तरांमुळेच. त्यांचं डोकं सबंध वेळ पाण्याबाहेर होतं.

फमाऊ हळूहळू वल्हवत होता. मास्तर असेच पोहत राहिले तर साडेनऊचं विमान काही मिळणार नाही, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा नियमांबद्दल आदर वाटला.

"सावकाश, मास्तर," तो म्हणाला. "घाई कशाला? पाठीवर पडा जरा. खाडी तुमचीच आहे."

"नाखवा," मास्तर धापा टाकत म्हणाले, "आज सकाळपासून मला माणसासारखं वागवणारा तू पहिलाच."

नाळेकडून आवाज आला, "किती वाजले?"

"साडेआठ होऊन गेले असतील," फमाऊ मागे न वळता म्हणाला. "विमानं काय, उद्याही असतात."

बी कुपोनाने छत्री या काखेतून त्या काखेत घेतली.

"विमान असेल," बी कुपोना म्हणाली. "मूल थांबायचं नाही. तीन गेली तिची. हे चौथं. दुपारी तीनला पोट चिरणार आहेत. नवरा जहाजावर. आई दिसल्याशिवाय टेबलावर चढणार नाही म्हणाली."

फमाऊची वल्ही पाण्यात तशीच राहिली. "हे मला आधी सांगायचं नाही?"

"तुम्ही दुसऱ्यांदा विचारलंत कधी?"

मास्तरांना सोडून पुढे जाणं शक्य नव्हतं. फमाऊची होडी पुढे गेलेली दिसली असती, तर खाडी उघडली समजून चाळीसच्या चाळीस इंजिनं सुटली असती, आणि मास्तर मधोमध होते.

"मास्तर, होडीला हात लावा."

"मेलो तरी लावणार नाही! हात लावला की बाद. चारशे पोरं बघताहेत."

"मेलात तर चारशे पोरांना सुट्टी मिळेल. लावा हात!"

"आत्ता तर म्हणालास खाडी माझी आहे!"

"नाखवा," बी कुपोना उभी राहत म्हणाली, "छत्रीबद्दल पुस्तकात काय आहे?"

पुस्तकात छत्रीबद्दल काहीही नव्हतं. ती फमाऊला ओलांडून मागच्या फळीवर आली, छत्रीची वाकडी मूठ तिने फळीच्या कडेला अडकवली, वर दोन्ही हात दाबून बसली आणि टोक पाण्याकडे सोडलं. मास्तरांनी मुलांच्या बाजूला पाहिलं, अल्लाची क्षमा मागितली आणि छत्री धरली. दुसऱ्या हाताने ते पोहत असल्यासारखे पाणी उडवत राहिले. धक्क्यावरून जल्लोष झाला. मास्तरांनी अचानक वेग घेतला होता.

फमाऊ वल्हवत होता, जीव खाऊन. आणि बी कुपोना त्याच्यासमोर बसली होती, तोंड त्याच्याकडे करून. तिच्या डाव्या भुवईत एकच लांब पांढरा केस होता. ती लवंग चघळत होती. अकरा वर्षं वास यायचा तो पुऱ्यांचा नव्हता तर.

"म्हातारे झालात की, नाखवा," ती म्हणाली.

"आधीपासूनच होतो. तुम्ही पुढे बघत होतात."

ती हसली. मग कुणालाच काही सुचेना. पाठीला पाठ असली की गप्प बसणं सोपं जातं. समोरासमोर ते गप्प बसणं ठेवायचं कुठे, हा प्रश्न पडतो. फमाऊने दोनदा दोरीकडे बघून घेतलं. शेवटी म्हणाला, "बी, मी काय म्हणतो..."

"छत्री सुटतेय!" पाण्यातून मास्तर ओरडले. "धरा, धरा!"

ती वळून छत्री सावरायला लागली. सावरून होईपर्यंत धक्का आला होता.

शेवटचे वीस हात मास्तर एकटे पोहले. मुलांनी त्यांना खांद्यावर घेण्याचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. ट्रंक हातगाडीवर चढली. बी कुपोनाने छत्री झटकून काखेत मारली.

"सांभाळा, नाखवा," ती म्हणाली, आणि गाडीमागे झपाझप चालत गेली. विमान वेळेवर सुटलं. आमच्याकडे असं सहसा होत नाही.

मुटिसो साहेबांनी हिरवा झेंडा दाखवला. पलीकडून चाळीस इंजिनं एकदम सुटली आणि परत जाणाऱ्या फमाऊच्या होडीला दोन्ही बाजूंनी हेलकावे देत निघून गेली. बंडी काढायचं त्याला सुचलं नाही, त्यामुळे दुपारपर्यंत लोक त्यालाच खाडी उघडी आहे का, असं विचारत होते. संध्याकाळी मोम्बासाहून निरोप आला. मुलगी झाली. दोघी ठीक.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फमाऊ धक्क्यावर हजर. थोडा वेळ दोर हातात धरून थांबला, मग रिकामीच होडी घेऊन निघाला. नाळेशी वजन नसल्यामुळे होडीने नाक वर केलं आणि वाऱ्याने ती तिरकी व्हायला लागली. अर्ध्या वाटेवरून तो परत आला, भरतीच्या रेषेवरून एक मोठा प्रवाळाचा दगड उचलला, मनात काही अंदाज केला, तो टाकून त्याहून जरा मोठा घेतला आणि नाळेशी ठेवला. होडी पूर्वीसारखी सपाट बसली.

शेबवाना इंजिनावरचं फडकं काढत होता. "काय नाखवा, नवं गिऱ्हाईक?"

"हो."

"बोलतं का काही?"

"आजच आलंय," फमाऊ म्हणाला, आणि दोर सोडून दगडाकडे पाठ करून वल्हवायला लागला.