संध्या चौथीत गेली

संध्याला जवळजवळ ऐकूच यायचं नाही. चौक गावामागच्या डोंगरातल्या ठाकरवाडीतली ही पोर हायवेलगतच्या विशेष वर्गात आली, तेव्हा तिला स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं. आसावरीबाईंनी दोन वर्षं समोर बसवून तिला ओठ वाचायला शिकवलं. पुढं ती धडे वाचू लागली, हातचे धरून बेरजा करू लागली, बाईंच्या चालीची नक्कल करून वर्गाला हसवू लागली.

त्या वर्षी टॅबवर नवं अॅप आलं. हजेरी आणि चाचण्यांचे गुण भरले, की मूल साध्या शाळेत जायला तयार आहे का, ते अॅपच सांगायचं. संध्याच्या नावापुढं हिरवी खूण उमटली आणि आसावरीला भरून आलं. साठ पोरांच्या वर्गात हिच्याकडं तोंड करून बोलणार कोण, हे मनात आलं होतं. पण अॅपमध्ये तो प्रश्न नव्हता, आणि तिनंही तो कुणाला विचारला नाही. ती खूण तिलाही हवीच होती.

"जनाताई, संध्या आता मोठ्या शाळेत, चौथीत जाणार," तिनं संध्याच्या आईला सांगितलं.

"तुमी म्हनता तर जाऊ दे, बाई."

दिवाळीनंतर कळलं, संध्या महिनाभर शाळेत गेलेलीच नाही. आसावरी तडक वाडीवर गेली.

"सर फळ्याकडं तोंड करून शिकवतात, हिला काय कळनार?" जना म्हणाली. "सरांनी हाक मारली, हिला ऐकू नाय आली. मुद्दाम करते म्हनून दिसभर उभी केली. पोरी हसल्या. तवापासून घरातबी बोलत नाय."

संध्या चुलीपाशी बसली होती. आसावरी तिच्यासमोर उकिडवी बसली.

"माझं चुकलं गं. मी तुला परत नेते."

संध्यानं डोळे घट्ट मिटून घेतले. आसावरी बोलत राहिली, मग मिटल्या डोळ्यांना ओठ दिसत नाहीत, हे तिचं तिलाच उमगलं आणि ती थांबली.

"राहू द्या, बाई," जना म्हणाली.

त्याच आठवड्यात आसावरीनं संध्याला परत विशेष वर्गात घेण्यासाठी अर्ज केला. "पुढं गेलेलं मूल मागं आणलं तर आपला आकडा घसरतो, मॅडम," शिक्षण खात्यातले साहेब म्हणाले. ती खेटे घालत राहिली. मंजुरी मिळाली फेब्रुवारीत. कागद घेऊन ती वाडीवर पोचली, तर जनाच्या दाराला कडी.

"भट्टीवर गेली सगळी, इटा पाडायला," शेजारची बुधी म्हणाली. "पावसाआधी येतील."

"संध्या बोलायला लागली होती का हो?"

"नाय, बाई."