मोटारींची राखण

"चोरान्ला पत्रिका पोचली म्हणायची!"

शेजारच्या हार्डवेअरवाल्या कुमारने गोरखच्या शटरवरची पाटी मोठ्यानं वाचली. ‘मुलीच्या लग्नानिमित्त दुकान उद्या व परवा बंद. रात्रीसुद्धा कोणी भेटणार नाही.’

गोरखला त्यात काही वावगं दिसेना. "गिऱ्हाईक रातीबी शटर वाजवतं. त्याला हेलपाटा नको."

"व्हय. आता शटर न वाजवता येनाऱ्याचाबी हेलपाटा वाचला."

कापूरहोळच्या फाट्यावर गोरख जळलेल्या पाण्याच्या मोटारी भरून द्यायचा. मोटार भरायची म्हणजे तांब्याची तार आली, आणि तांबं म्हटलं की चोराच्या तोंडाला पाणी. त्यामुळे संसाराच्या बहुतेक रात्री त्यानं दुकानातल्या बाकावर काढल्या होत्या. बायको अश्विनी पाहुण्यांना सांगायची, "आमचे हे कापूरहोळला नांदतात." कुमारने मध्यंतरी कॅमेरा बसवला होता. चोरांनी सगळ्यांत आधी तोच नेला, नवा होता.

मोटारी गोरखच्या असत्या तर एक वेळ चाललं असतं. त्या होत्या सारोळ्याच्या, किकवीच्या शेतकऱ्यांच्या. गेल्या तर पिकं माना टाकणार आणि गोरखला मान वर करता येणार नव्हती.

लेकीचं, प्रेरणाचं लग्न होतं वेल्ह्याला, नवऱ्या मुलाच्या दारात. गोरखनं पाटी काढली, पण तोवर सगळ्या फाट्याला ती तोंडपाठ झाली होती.

"अक्षता टाकून म्या माघारी येतो," तो अश्विनीला म्हणाला.

"या की. पाठवणीला बाप मोटारींपाशी हाय, येवढं पोरीला तुमीच सांगा."

त्याच दुपारी बाजी धनगर मोबाईल चार्ज करायला दुकानात आला. दिवाळी झाली की त्याची मेंढरं भोरवरून कोकणात उतरायची आणि वाटेत हे ‘चार्जिंग’ ठरलेलं. गोरखनं कधी त्याचे पैसे घेतले नव्हते. बाजीनं चहा पिता पिता सगळी हकिकत ऐकली.

"आज मेंढरं तुमच्या दुकानामागं बसवतो," तो म्हणाला. "उंद्याबी हितंच. तुमी लेकीचं लगीन लावून द्या."

गोरख गडबडला. मेंढरं रात्रभर शेतात बसवली की रानाला खत मिळतं आणि शेतकरी धनगराला धान्य देतो, ही जुनी रीत. दुकानामागं नुसते दगड होते.

"मामा, तुमचं धान्य बुडंल."

बाजीची बायको भागूबाई बाहेरून म्हणाली, "मी तेच म्हनते. दगडावर लेंड्या टाकून उगवायचं काय, मोटारी?" आणि बोलता बोलता तिनं घोड्यावरचं बिऱ्हाड उतरवायला घेतलंसुद्धा.

लग्न झालं. पाठवणी झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी गोरख टेम्पोतून उतरला तो थेट दुकानामागं धावला. मागच्या भिंतीच्या दोन विटा निघाल्या होत्या. खाली पहार पडली होती आणि एक चप्पल.

"रातीचं आलं हुतं कोन," बाजी म्हणाला. "आमच्या कुत्र्यांनी पोचवलं पार लांबपत्तुर. दुसरी चप्पल पायातच ऱ्हायली बिचाऱ्याच्या."

गोरखनं शटर उघडलं. एकेका मोटारीला हात लावत तो आत फिरला. सगळ्या जागेवर होत्या. मग तो बाहेर आला. त्यानं बुंदीचा डबा भागूबाईपुढं धरला.

"पोरगी लई रडली का?" तिनं विचारलं.

"न्हाई मावशी. म्याच रडलो."

"मंग बरं झालं गेला ते. हितं रडला असता तर मेंढरं बुजली असती."

बिऱ्हाड पुन्हा घोड्यावर चढलं. कळप भोरच्या रस्त्यावर आला आणि समोरून एसटी हॉर्न वाजवत आली. गोरख धावत जाऊन रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभा राहिला. डोक्यावर कालचा फेटा तसाच होता.

ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढली. "ओ नवरदेव, वरातीत मेंढरं हायती व्हय? बाजूला व्हा!"

"नवरीचा बाप हाय," गोरख म्हणाला. "आमची मान्सं चालल्यात. जाऊ द्या त्यान्ला."

एसटीमागं टेम्पो थांबला, त्यामागं उसाचा ट्रॅक्टर. शेवटचं लंगडं कोकरू रस्ता ओलांडेपर्यंत गोरखनं हात खाली घेतला नाही.