फेस बसेपर्यंत

"पाणी! परत पाणीच!" गावच्या दूधमंडळीचे मंत्री, म्हणजे सोसायटीचे सचिव, मफतभाई यंत्राकडं बोट दाखवून ओरडले आणि रांगेतल्या आम्ही साऱ्या बाया मोंघीबेनकडं बघायला लागलो.

होळीपासून हे नवं यंत्र आलंय. ते दुधातून कानाला ऐकू न येणारा आवाज सोडतं. पातळ दुधातून आवाज वेगळा पळतो, दाट दुधातून वेगळा. त्यावरनं फॅट किती, पाणी किती ते सांगतं. आमच्या गावात त्याचा शब्द म्हणजे देवीचा कौल झालाय.

"तिसरी खेप झाली, मोंघीबेन. उद्या पुन्हा निघालं तर तुमचं दूध बंद. नियम हाय."

तीस वर्षं दूध घालणारी बाई, काळीठिक्कर पडली. शेजारी तिची सून उभी होती, जशी नावाची. सगळा राग तिच्यावर निघाला.

"चरवी तुझ्याच हातात असती! कुठं वतलंस पाणी, बोल!"

"बा," जशी सासूला म्हणाली, "म्हशीखालनं उठते ती थेट हितं येते. तुमीच सांगितलंय ना, फेस मोडायच्या आत घाल म्हणून?"

"फेसावरच तर आमच्या घराचं नाव हाय! मग यंत्राचं काय तुझ्याशी वैर हाय?"

दुपारच्या छकड्यानं जशीला माहेरी धाडलं. ती कष्टाची पोर आहे हे मला ठाऊक होतं, तरी मी तिच्या बाजूनं बोलले नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी मोंघीबेननं स्वतः धार काढली. तिचं घर दूधमंडळीला भिंतीला भिंत लावून. फेसाचा डोंगर घेऊन पळत आली. यंत्र म्हणालं, पाणी!

"आरं, मी सोताच्या हातानं काढलंय!" तिचा आवाज चिरकला.

तेवढ्यात वीज गेली. अर्ध्या तासानं आली तेव्हा मफतभाईंनी तेच दूध पुन्हा घातलं. पाणी नाही, फॅट सात! त्यांनी गडबडीनं मेकॅनिकला फोन लावला.

"फेस बसू द्यायचा म्हणतोय," फोन ठेवून ते खाली मान घालून म्हणाले. "बुडबुड्यांत आवाज अडखळतो."

आम्ही लांबून चालत येतो, तोवर आमचा फेस वाटेतच बसतो. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथं तर चोरच नव्हता.

मोंघीबेन मला घेऊन लगोलग जशीच्या माहेरी गेली. पोरगी शेणानं अंगण सारवत होती. हात धुऊन तिनं रीतीप्रमाणं पाण्याचा तांब्या आणला.

"चल वहू, घरी. अर्धा तास फेस बसू दिला, तर दूध खरं निघालं."

"अर्धा तास थांबलात तवा निघालं ना, बा? माझ्यापायी तुमी घटकाभर तरी थांबलात का?" तिनं तांब्या पुढं सरकवला. "प्या. निव्वळ पाणी हाय. हवं तर तपासून घ्या."

मोंघीबेननं तांब्या उचलला आणि न पिताच खाली ठेवला. त्या दिवशी आम्ही दोघीच परत आलो.